वन बीएचके, दोन मांजरं आणि सासूबाईंची गादी

पत्र थोडक्यात: डोंबिवली पूर्वेला राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. घर तिसऱ्या मजल्यावर, वन बीएचके, जेमतेम 390 चौरस फूट. घरात त्या, त्यांचे यजमान, दुसरीतली मुलगी आणि भुरी-बंड्या ही एकाच वेताची दोन मांजरं, वय दोन वर्षं. भुरीचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय. बंड्याचं केलेलं नाही, कारण ‘तो कधी बाहेर जातच नाही, मग कशाला त्याला त्रास’. दोन महिन्यांपूर्वी सासूबाई चिपळूणहून कायमच्या राहायला आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याने त्या वॉकर घेऊन चालतात. हॉलमधला दिवाण त्यांना दिला, आणि गॅलरीत त्यांचं सामान ठेवायचं म्हणून मांजरांचा लिटर ट्रे (शी-शूसाठी लिटर, म्हणजे वाळूसारखा भुगा, भरलेला ट्रे) वॉशिंग मशीनशेजारी हलवला. तेव्हापासून बंड्या सासूबाईंच्या गादीवर शू करतो, हॉलच्या खिडकीखालच्या भिंतीवर फवारा मारतो, आणि पहाटे चारला दोघं घर डोक्यावर घेतात. दिवसातून दोनदा फिनेलने लादी पुसूनही वास जात नाही. सासूबाई म्हणतात, ‘मुक्या जनावराला कोंडून ठेवणं पाप आहे, खाली सोडून दे.’ यजमानांचे चुलतभाऊ मांजरांना मुरबाडजवळच्या आपल्या शेतावर न्यायला तयार आहेत. मुलगी रडते आहे. मैत्रीण विचारते, ‘एवढ्याशा घरात मांजरं पाळून मी त्यांच्यावर अन्याय करते आहे का? आणि सासूबाईंवरही?’

प्रिय मैत्रिणी,

आधी एक काम करा, मग बाकीचं बोलू. बंड्याला याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या आणि त्याची लघवी तपासून घ्या. मांजर नको तिथे शू करायला लागलं की घरातले सगळे त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवतात, पण बऱ्याचदा दुखणं मूत्राशयात असतं. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. बारीक खड्यांनी किंवा चिकट साक्याने ती तुंबू शकते. बंड्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथताना दिसला, थेंबच येत असले किंवा काहीच येत नसलं, ओरडत असला, सारखा तिथेच चाटत असला, तर आठवड्याची वाट बघू नका. त्याच तासाला निघा, मग रात्र असो की रविवार. लघवी पूर्ण अडलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. घरात बोका असलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही सुरुवातच चौरस फुटांपासून केली आहे. घर लहान, म्हणून मांजरं बिथरली, असं तुम्ही धरून चालला आहात. पण तुमचंच पत्र पुन्हा वाचा. ही मांजरं पावणेदोन वर्षं याच 390 फुटांत नीट राहिली. दोन महिन्यांत घराचं क्षेत्रफळ काही बदललेलं नाही. बदललं ते असं: झोपायचा दिवाण गेला, शी-शूची जागा हलली, आणि घरात एक अनोळखी माणूस आलं, ज्याच्या अंगाला अनोळखी वास आहे आणि ज्याच्या हातात लादीवर खटखट वाजणारा वॉकर आहे. मांजर जागेला धरून राहणारा प्राणी आहे. कोणत्या कोपऱ्यात झोपायचं, कुठून बाहेर बघायचं, कोणत्या वाटेने ट्रेपर्यंत जायचं, हा त्याच्या मनातला नकाशा असतो. तुमच्याकडे तो एका दिवसात पुसला गेला. त्यात कोणाचा दोष नाही. सासूबाईंना दिवाण देणं योग्यच होतं. फक्त मांजरांचं जे काढून घेतलं, त्याच्या बदल्यात दुसरं काही दिलं गेलं नाही.

बंड्या सासूबाईंवर राग काढतोय, असं घरात बोललं जात असेल, तर ते आजच थांबवा. विशेषतः मुलीसमोर. मांजर सूड म्हणून शू करत नाही. धास्तावलेलं मांजर जिथे सगळ्यात सुरक्षित वाटायचं तिथे आपला वास ठेवतं, आणि ती गादी महिनोन्‌महिने मांजरांचीच होती.

मशीनशेजारच्या ट्रेचं तर मला अजिबात नवल वाटत नाही. शी करायला बसलेल्या प्राण्याच्या कानाशी मशीनचा ड्रायर धडधडत फिरायला लागला, तर तो दुसऱ्यांदा तिथे कशाला जाईल? एकदा घाबरलेलं मांजर ती जागा कायमची टाळू शकतं. शिवाय दोन मांजरांत ट्रे एकच, आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे तो रात्री ऑफिसहून आल्यावर साफ होतो. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, असं पशुवैद्य सांगतात. तुमच्या घरात तीन ट्रे बसणार नाहीत हे मला कळतं. पण दोन बसवाच, आणि ते एकमेकांना खेटून ठेवू नका, नाहीतर मांजराच्या लेखी तो एकच ट्रे होतो. एक पुन्हा गॅलरीत जाऊ द्या. सासूबाईंच्या ट्रंका आणि पिशव्या पोटमाळ्यावर किंवा पलंगाखाली जातील. चार पिशव्यांसाठी रोजचा हा मनस्ताप कशाला? दुसरा बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवा. बाथरूममध्ये नको. आपली बाथरूम ओली असते आणि दार लोटलेलं असतं. ट्रे मोठा घ्या. पेट शॉपमधले बरेचसे ट्रे पिल्लांच्या मापाचे असतात. त्यापेक्षा भांड्यांच्या दुकानातलं रुंद, एका बाजूने कमी उंचीचं प्लास्टिकचं टब चांगलं काम देतं. मांजराला आत नीट वळता आलं पाहिजे. लिटर मांजरांच्या सवयीचंच ठेवा. स्वस्त पडतं म्हणून लाकडाच्या गोळ्यांवर जायचं असेल, तर थोडं थोडं मिसळत जा. शी-शूचे गोळे सकाळी एकदा आणि रात्री एकदा काढायचे आणि कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचे. संडासात टाकू नका, पाइप तुंबेल.

आणि ते फिनेल आजपासून बंद करा. वास मारण्यासाठी तुम्ही वापरताय, पण त्यातली फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला निरुपद्रवी करता येत नाहीत. पुसलेल्या लादीवरून मांजर चालतं, मग पंजे चाटतं, आणि ते विष पोटात जातं. याच कारणाने माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ताप आलाय म्हणून अर्धी गोळी देणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम सांगते. कपाटातल्या डांबरगोळ्या आणि देवघरातला कापूरही त्यांच्या तोंडाला लागता कामा नये. लादीला साधा साबण आणि गरम पाणी पुरतं. शू झाली असेल तिथे आधी जुन्या फडक्याने टिपून घ्या, मग पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाइमचं क्लीनर ओतून पूर्ण वाळू द्या. नुसत्या सुवासिक द्रावणाने आपल्या नाकाला बरं वाटतं, मांजराच्या नाकाला तिथली शू येतच राहते आणि ते पुन्हा तिथेच बसतं. गादीला कडक ऊन दाखवा, आणि वर जलरोधक खोळ घाला. लहान बाळांसाठी मिळते तीच.

भिंतीवरचा फवारा हा वेगळा प्रकार आहे. शेपटी ताठ करून, उभ्याने, उभ्या पृष्ठभागावर मारलेली शू म्हणजे हद्दीची खूण. दोन वर्षांचा, नसबंदी न झालेला बोका ते करणारच. ‘बाहेर जात नाही, मग ऑपरेशन कशाला’ हा विचार मायेपोटीच आला असेल, पण त्याची शिक्षा बंड्या भोगतोय. त्याला बाहेरच्या माद्यांचा वास येतो, खालच्या बोक्यांचं ओरडणं ऐकू येतं, आणि तो त्याबद्दल काही करू शकत नाही. बोक्याची नसबंदी छोटी शस्त्रक्रिया असते, तो बहुधा त्याच दिवशी घरी येतो. शरीरातली संप्रेरकं ओसरायला काही आठवडे लागतात. बहुतेक बोक्यांचं फवारणं त्यानंतर थांबतं किंवा खूपच कमी होतं, आणि त्यांच्या शूचा तो उग्र दर्पही जातो. तुमच्या घरातला निम्मा वास तोच असावा. खर्चाची अडचण असेल, तर परळचं पेटिट रुग्णालय, ज्याला आपण सगळे बैलघोडा हॉस्पिटल म्हणतो, तिथे किंवा तुमच्या भागातल्या प्राणिमित्र संस्थेकडे चौकशी करा.

लहान घराबद्दल तरीही बोलायला हवं, कारण तुमच्यासारखी घरं असलेले बरेच जण हा प्रश्न विचारतात. आपण जमीन मोजतो. मांजर उंचीही मोजतं. तुमच्या घरात छतापर्यंतची केवढी जागा रिकामी असेल बघा: लोखंडी कपाटाचा माथा, फ्रीजची वरची बाजू, दारावरचा पोटमाळा. कपाटावर जुनी गोधडी अंथरा, तिथे चढायला भिंतीवर हातभर लांबीच्या दोन फळ्या पायऱ्यांसारख्या ठोका. एक चढायला, एक खिडकीशी बसायला. भाड्याचं घर असेल आणि खिळे ठोकायला बंदी असेल, तर स्टूल आणि टेबल यांची उतरंड लावा. उंचावर बसून घरावर नजर ठेवता आली की मांजराची अर्धी भीती जाते. माणसांच्या पायात घुटमळणंही कमी होतं, आणि तुमच्या घरात सध्या ती फार मोठी गोष्ट आहे.

कारण सासूबाईंची एक भीती तुमच्या पत्रात आलेलीच नाही, आणि मला वाटतं तीच सगळ्यात खरी असेल: पडण्याची. गुडघ्याचं ऑपरेशन, हातात वॉकर, रात्री बाथरूमला जायचं, आणि पायात अचानक मांजर. वास, केस, देवघर यांवरून बोलणं सोपं असतं. ‘मला भीती वाटते’ हे सुनेला सांगणं अवघड. तुम्ही स्वतः विचारून बघा. मग दोन्ही मांजरांच्या गळ्यात झटक्याने सुटणारा पट्टा आणि त्याला घुंगरू बांधा, म्हणजे ती जवळ आलेली त्यांना कळेल. दिवाणापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा. मांजरांची जेवणं त्या वाटेवर नकोत. रात्री झोपताना मांजरं बेडरूममध्ये, एका ट्रेसह, दार लावून.

त्या ‘कोंडून ठेवणं पाप आहे’ म्हणतात, त्यात तुम्हाला टोमणा दिसतो. मला त्यात त्यांचं आयुष्य दिसतं. चिपळूणच्या घरी मांजरं पडवीत वाढतात, माळ्यावर उंदीर धरतात, माशांच्या काट्यांवर जगतात, खळ्यात उन्हाला लोळतात. तशी मांजरं बघितलेल्या बाईला तिसऱ्या मजल्यावरचं बंद दार क्रूर वाटणारच. पण त्यांना हेही आठवत असेल की त्यातली किती मांजरं म्हातारी झाली, आणि किती एका पावसाळ्यात दिसेनाशी झाली. त्यांच्याशी त्या मांजरांबद्दल बोला, त्यांची नावं विचारा. घरात मांजर कळणारं एक माणूस आलंय, आणि दोन महिने ते माणूस विरोधी पक्षात बसलंय.

त्यांना एक काम द्या, आणि ते मनापासून द्या. दिवसा तुम्ही दोघं ऑफिसात, मुलगी शाळेत. मांजरांसोबत घरात त्याच असतात. दुपारचं खाणं त्यांच्या हातून जाऊ दे. खुर्चीत बसून काठीला बांधलेलं पीस हलवायला गुडघा लागत नाही. ज्या हातून खाणं येतं, त्या हाताचा वास मांजराला काही दिवसांत आपला वाटायला लागतो. एवढंच त्यांना आधी समजावून सांगा, की दूधभात नको. मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, ढाळ होते. मांजर पूर्ण मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो, आणि तो कमी पडला तर डोळे आणि हृदय खराब होतं. तयार खाण्यासोबत कधीतरी मीठ-मसाला न घातलेला, काटे काढलेला उकडलेला मासा चालेल. कांदा-लसूण लागलेलं काहीही चालणार नाही.

देवघराला जाळीचं छोटं दार लावून घ्या. ते शुचितेसाठी म्हणून त्यांना आवडेल, आणि मला ते मांजरांसाठी हवंय: निरांजनावरून शेपूट फिरते, आणि हाराचा दोरा गिळला जातो. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा ते थुंकू शकत नाही. आतड्यात अडकलेला दोरा आतडं चिरतो. शिवणाचा दोरा, राखी, फुग्याची रिबीन, सगळं डब्यात. तोंडातून किंवा मागून लोंबणारा दोरा दिसला तर ओढू नका, डॉक्टरांकडे जा. कोणी फुलांचा गुच्छ आणला आणि त्यात लिली असेल, तर तो दारातूनच दुसऱ्या घरी पाठवा. लिलीचे परागकण चाटूनसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

पहाटे चारचा दंगा हा त्यांच्या शरीराच्या घड्याळाचा भाग आहे. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं, पण पहाट आणि तिन्हीसांजा या त्याच्या शिकारीच्या वेळा. ही शिकार तुम्ही रात्री दहाला करवून घ्या: पंधरा मिनिटं पीस किंवा चेंडू, दम लागेपर्यंत, शेवटी ते पीस त्यांना पकडू द्या, आणि लगेच दिवसाचं शेवटचं जेवण. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा त्यांचा क्रम आहे. पहाटे ओरडली तर उठून खायला देऊ नका. पहिले काही दिवस जास्त ओरडतील. मुलीला संध्याकाळचा खेळ सोपवा. तिचं रडं थांबवायला आश्वासनापेक्षा कामाचा उपयोग होईल.

आता ‘खाली सोडण्या’बद्दल. हे करू नका. जी मांजरं घरात वाढली, त्यांना कुत्र्यापासून पळता येत नाही, रिक्षाचा अंदाज नसतो, आणि खालच्या मांजरांनी जागा आधीच वाटून घेतलेली असते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार, उपासमारीने हाल होतील अशा परिस्थितीत प्राण्याला सबळ कारणाशिवाय सोडून देणं हा गुन्हा आहे. आणि तुमची मुलगी रोज शाळेत जाताना त्याच जिन्याने उतरणार आहे.

मुरबाडच्या शेताचा पर्याय दिसतो तेवढा सोपा नाही. नव्या ठिकाणी नुसतं सोडलेलं मांजर जुन्या घराच्या ओढीने निघतं आणि हरवतं. तिथे न्यायचंच असेल, तर पहिले काही आठवडे एका बंद खोलीत, आपल्या ट्रे-गोधडीसह ठेवावं लागतं. चुलतभाऊ हे करतील का? आजारी पडलं तर डॉक्टरांकडे नेतील का? की शेतावर उंदीर झालेत म्हणून मांजरं हवी आहेत? त्यांना सरळ विचारा. उत्तर समाधानकारक नसेल, तर तो पर्याय यादीतून काढून टाका.

घराच्या खिडक्यांकडेही बघा. आपल्या इमारतींत लोखंडी ग्रिल असतं म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ग्रिलच्या गजांतून मांजर सहज निघतं, आणि कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी ते दातांनी तोडू शकतं. आतून बारीक स्टीलची जाळी बसवा. मांजर पायांवर पडतं म्हणून त्याला काही होत नाही, हा समज फार मांजरांना महागात पडलाय. न्यू यॉर्कमधल्या पशुवैद्यांनी 1987 मध्ये उंचावरून पडलेल्या 132 मांजरांची माहिती प्रसिद्ध केली होती. उपचार झालेल्यांपैकी सुमारे 90 टक्के वाचली, हे सगळे सांगतात. त्यांच्या छातीला झालेल्या इजा आणि मोडलेले जबडे-पाय कोणी सांगत नाही, आणि जागीच गेलेली मांजरं तर रुग्णालयात पोचलीच नव्हती. हॉलच्या खिडकीच्या खालच्या काचेला धूसर कागद चिकटवा, म्हणजे समोरच्या पत्र्यावर येणारा कुठला बोका बंड्याला दिसत असेल तर तो दिसणार नाही.

हे सदर वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी बाळ येणार आहे आणि ज्यांना ‘मांजर काढा’ असं सांगितलं जातंय, त्यांच्यासाठी इथेच लिहिते. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून येऊ शकतो, पण बाहेर पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून ट्रे रोज साफ करायचा, आणि ते काम गरोदर बाईने न करता दुसऱ्याने करायचं. घरातच राहणाऱ्या आणि कच्चं मांस न खाणाऱ्या मांजरापासून धोका कमी असतो. अर्धकच्चं मटण आणि न धुतलेला भाजीपाला यांकडे जास्त लक्ष द्या.

एवढं सगळं करूनही जमलं नाही तर? तोही प्रश्न तुमच्या मनात असणार. नसबंदीनंतर दोन महिने द्या. त्यानंतरही गादी भिजत असेल, सासूबाई धास्तावलेल्या असतील, तुमची झोप होत नसेल, तर दोघांसाठी मिळून एक घर शोधा. त्यांना वेगळं करू नका. आधी ते घर बघून या, जाळ्या आहेत का बघा, लसीकरणाची पुस्तिका आणि त्यांच्या गोधड्या सोबत द्या, नव्या माणसांना बंड्याच्या सवयी खऱ्या खऱ्या सांगा, आणि जमलं नाही तर मांजरं आम्हालाच परत द्या, असं कबूल करून घ्या. असं घर मिळवून देणं आणि खाली सोडून देणं यांत मी फार मोठा फरक करते, आणि पहिल्याबद्दल तुम्हाला कोणी अपराधी वाटायला लावलं तर ते मनावर घेऊ नका.

पण मला वाटत नाही तिथपर्यंत वेळ येईल. शनिवारी गॅलरी रिकामी करा, ट्रे परत ठेवा. सोमवारी डॉक्टरांची वेळ घ्या, आणि जाताना बंड्याला पिशवीत कोंबू नका. पिंजरा आजच उघडा करून हॉलमध्ये ठेवा, आत थोडं खाणं टाका, म्हणजे तोवर तो स्वतःहून आत जाऊन बसायला लागेल.